घाई नसलेलं घर

मीरा रोडचं आयुष्य मिनिटांवर चालतं. विरारहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लोक आधी उलटं भाईंदरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून घेतात. एक स्टेशन मागे जाऊन पुढे जायचं, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. संध्याकाळी तीच गर्दी उलट्या दिशेने ओसंडते. या गावाने आपल्या माणसांना घर दिलं आणि त्याची किंमत वेळेत वसूल केली.

ऐंशीच्या दशकात मिठागरं आणि भातशेतीच्या कडेने शांतीनगरचे सेक्टर उभे राहिले, तेव्हा गिरगाव-परळच्या खोल्यांतून बाहेर पडलेली माणसं इथे आली. माझी आत्या त्यांतलीच. टेलिफोनखात्यात ऑपरेटर, लग्न केलं नाही, स्वतःच्या पगारावर घेतलेलं वन रूम किचन. ट्रंक कॉलच्या जमान्यात डोक्याला हेडफोन लावून ती बोर्डासमोर बसायची. कुणाच्या घरी माणूस गेलेला, कुणाला मुलगा झालेला. तिकडून घाबरा आवाज आला की ती म्हणायची, ‘थांबा हं, लाइन देते.’ थांबणाऱ्याला धीर देणं हे तिचं कामच होतं.

आता तिला डिमेन्शिया आहे. अल्झायमरचा. हा आजार बहुधा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागापासून सुरू होतो. नव्या आठवणी रुजतात त्या तिथे. त्यामुळे सकाळचा चहा प्यायल्याचं पुसलं जातं आणि पन्नास वर्षांपूर्वीचं एक्स्चेंज लख्ख राहतं. रिमोट हातात आला की ती तो कानाला लावते, ऐकते, मान हलवते. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर गोंधळ नसतो, कामावर असलेल्या माणसाची एकाग्रता असते.

दिवेलागणीला मात्र तिचं मन थाऱ्यावर राहत नाही. ‘चल, घरी जाऊ’ म्हणून ती स्वतःच्याच घराच्या दाराशी उभी राहते. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. दिवस कलताना या रुग्णांची घालमेल वाढते. आणि नेमकं तेव्हाच आमच्या घरातलं कुणी अंधेरीला गाडीत लोंबकळत असतं, कुणी बोरिवलीला. तिला सर्वांत जास्त सोबत हवी ती वेळ आणि आमची परतीची वेळ एकच. माया आटलेली नाही, वेळ पुरत नाही. तिच्यासाठी जागा शोधायचं ठरलं ते यातून.

उत्तनच्या केशवसृष्टीत वानप्रस्थाश्रम आहे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या झाडीत. खाडीपल्याड नालासोपाऱ्याजवळ राजोडीला स्नेहांजली आहे. मीरा रोडला काम उभारलेल्या सिल्व्हर इनिंग्जच्या शैलेश मिश्रा यांचं हे केंद्र खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचाही सांभाळ करतं. पण एकूण अशी ठिकाणं फार थोडी. पुष्कळ वृद्धाश्रमांत ‘स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे’ ही प्रवेशाची अट असते, आणि हा आजार नेमकं तेच काढून घेतो.

जिथे जिथे गेलो तिथे आधी खोल्या दाखवल्या. संडासातले आधाराचे दांडे, कॅमेरे, डॉक्टरांच्या भेटीचा वार, डिपॉझिट. हे सगळं पाहावंच लागतं. या रुग्णांना चकचकीत फरशी ओली वाटते, गडद पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, पाऊल अडखळतं. म्हणून जमीनसुद्धा नीट निरखावी. दारं बंद ठेवतात, तर आतल्या आत चालायला मोकळी वाट आहे का? झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून देतात? रात्री किती जणांमागे एक माणूस जागा असतो? हे प्रश्न विचारायला संकोच करू नये.

पण खरी पारख मला जेवणाच्या वेळी करता आली. एका ठिकाणी चार ताटं ओळीने मांडली होती आणि मदतनीस उभ्या उभ्याच एकेकाला चमचा भरवत पुढे सरकत होती. दुसऱ्या एका घरात एक मावशी स्टूल ओढून आजींच्या समोर बसली. वरणभात मऊ कालवला. छोटा घास आजींच्याच बोटांत दिला, त्यांचा हात आपल्या हाताने तोंडापर्यंत नेला आणि थांबली. आजी भिंतीकडे बघत राहिल्या. मावशीने घाई केली नाही, ‘गिळा ना’ म्हटलं नाही. गळ्याची हालचाल दिसली तेव्हाच पुढचा घास. या आजारात पुढे गिळणंही विस्कळीत होतं, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तिचं थांबणं ही माया होती आणि औषधोपचारही.

निघताना तिने मला विचारलं, ‘आत्यांना घरी काय म्हणतात? त्यांना कशाची सवय आहे?’ माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या दोन प्रश्नांत मिळाली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक जागेला एकच माप लावलं: इथे घाई किती आहे? आणि ही घाई मदतनिसांच्या स्वभावात नसते. एकीच्या वाट्याला किती माणसं येतात, बारा तासांची पाळी संपल्यावर तिला झोप मिळते का, पगार वेळेवर होतो का, तिला या आजाराचं शिक्षण कुणी दिलं आहे का, यावर घाई ठरते. आपल्या माणसाला सोपवताना सांभाळणाऱ्या बाईचं कसं चाललं आहे, हे विचारणं म्हणजे परक्याच्या कारभारात नाक खुपसणं नव्हे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेला, याच आजाराने ग्रासलेला संस्कृत पंडित हत्तीमागे चालत हरवतो, आणि एका गरीब माहुताचं कुटुंब त्याला काही न विचारता सामावून घेतं. शहराला त्या कुटुंबासारखं वागणं जमेल का? ज्यांनी हे गाव वसवलं, ती पिढी आता एकदमच म्हातारी होते आहे. प्रत्येक प्रभागात संध्याकाळचं एक केंद्र हवं, चार ते नऊ चालणारं, म्हणजे दिवेलागणीला कुणी एकटं दाराशी उभं राहणार नाही. आजार पुरा बळावण्याआधी निदान तेवढा आधार घराजवळ मिळायला हवा.

आत्यासाठी आम्ही ते स्टूल ओढून बसणाऱ्या मावशीचं घर निवडलं, आधी महिनाभरासाठी. बॅगेत कागदपत्रांबरोबर एक पानही ठेवलं आहे: हिला माई म्हणतात, चहात आलं लागतं, संध्याकाळी हातात फोनचा जुना रिसीव्हर द्यावा, आणि ती ‘थांबा हं’ म्हणाली की खरंच थांबावं. हजारो लोकांसाठी तिने ते केलं आहे. आता तिच्यासाठी कुणीतरी थांबलं पाहिजे. हा तिचा हक्क आहे, आणि ती उपकृत झाली असं कुणी मानू नये.