छातीवरचा पट्टा

बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट भागातील एका मराठी घराच्या भिंतीवर एका सैनिकाची जुनी तसबीर होती. खाली आजोबांचे नाव. ते १९४४ साली इटलीत लढले, हे घरातील लहानथोरांना ठाऊक होते. तसबिरीतील चेहरा मात्र पुसट झालेला. कोणाचाही म्हणता येईल असा.

पितृपक्षात तसबीर पुसताना, फौजी छायाचित्रांचा छंद असलेल्या नातवाची नजर छातीवर थांबली. डाव्या खांद्यावरून तिरका उतरणारा चामडी पट्टा आणि त्यावर ओळीने पाच लहान कप्पे! हा १९०३ च्या नमुन्याचा काडतूसपट्टा. कप्प्यात दहा, अशी पन्नास काडतुसे त्यात मावत. पहिल्या महायुद्धात हिंदी पायदळाच्या अंगावर तो दिसे. इटलीतील शिपायाच्या छातीवर मात्र १९३७ च्या नमुन्याच्या, जाड सुती कापडाच्या दोन मोठ्या पिशव्या असत. कारण ब्रेन गनची मॅगझिनेही त्याला वाहावी लागत. अर्थात, स्टुडिओत उसना साज चढवूनही छायाचित्रे काढली जात. केवळ पट्ट्यावरून निकाल देणे बरे नव्हे.

आजींना तेव्हा आपले थोरले चुलत सासरे आठवले. मराठा पलटणीबरोबर ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये वेढ्यातील कूत शहर शरण गेले. त्यानंतर त्यांची वार्ता आली नाही. त्यांचे छायाचित्रच नाही, अशी सर्वांची समजूत होती.

आजींनी तसबिरीखालची चिठ्ठी हलकेच सोडवली. नवी अद्याप लिहिलेली नाही. त्या दिवशी पितरांसाठी एक पान अधिक वाढले गेले.