गुडघा बरा झाला, मन?

शरीराला झालेली इजा चारचौघांना दिसते. तिच्यासोबत मनाला झालेली इजा मात्र घरच्यांनाही चटकन उमगत नाही. आमच्या थोरल्या लेकीच्या दुखापतीने आम्हां उभयतांना याचा प्रत्यय दिला.

फुटबॉल खेळताना ती गर्रकन वळली आणि गुडघ्यातील एसीएल हा बंध तुटला. नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा हा बंध. मांडीमागील स्नायूची कंडरा घेऊन डॉक्टरांनी नवा बंध बसवला आणि निदान नऊ महिने सामना खेळायचा नाही, असे बजावले.

खरी कसोटी वेदना ओसरल्यावर सुरू झाली. रोज मैदानावर धावणाऱ्या मुलीला घरातली संध्याकाळ खायला उठू लागली. तिच्या संघाने अंतिम सामना जिंकला, तेव्हा कुबड्या बाजूला ठेवून तिने टाळ्या वाजवल्या. रात्री मात्र ती हळूच म्हणाली, "डॅडी, त्या माझ्याशिवाय जिंकल्या." त्या वाक्यात आनंद होता, हेवा होता आणि त्या हेव्याची लाजही होती. आम्ही उपदेश केला नाही. दोघेही तिच्या उशाशी बसून राहिलो.

नऊ महिन्यांनी डॉक्टरांनी गुडघा बरा झाल्याचे सांगितले. तरीही वळण्याची वेळ आली की तिचा पाय आखडे. हा दुबळेपणा नव्हे. ही भीती वैद्यकशास्त्राला इतकी परिचित आहे की, खेळाडूच्या मनाची तयारी मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले. स्पर्धेत मात्र ५५च उतरले. परतणाऱ्यांच्या बाबतीत मनाची तयारीही महत्त्वाची ठरली होती.

फिजिओथेरपिस्टने तिला पायऱ्या आखून दिल्या: आधी सरळ धावणे, नंतर वळणे, त्यानंतर मैत्रिणीशी चेंडूसाठी झुंज. झालेली प्रत्येक पायरी ती वहीत लिहू लागली. एके दिवशी त्या वहीत दोनच शब्द होते: "आज वळले."

ती पुन्हा स्पर्धेत उतरेल की नाही, हे तिचे तीच ठरवील. वाचक पालकांना आम्ही एवढेच सुचवू: "पाय कसा आहे?" हे अवश्य विचारावे, पण "तुला कसे वाटते?" हेही विचारावे, आणि उत्तर येईतोवर थांबावे.