ओला चमचा

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे आमच्या घरातले पहिले शास्त्र. कुणी चुकून घातलाच, तर सौभाग्यवती चार दिवस बरणीकडे संशयाने पाहतात. गेल्या वर्षी त्या बरणीची जागा माझ्या उजव्या मूत्रपिंडाने घेतली!

मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला तिचे वर्णन नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुर्बिणीने खडा काढला आणि सुजेने वाट बंद होऊ नये म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवली. दोन्ही टोकांना इंग्रजी 'जे'सारखी वळलेली ही नळी १९७८ साली वैद्यकात आली. त्या वळणांमुळे ती जागची हलत नाही. "चार आठवड्यांनी काढायला या," डॉक्टर म्हणाले. वही एक दिवस उशिरा आणणाऱ्या मुलाला फैलावर घेणारा मी मास्तर. पण आधी परीक्षेचे पेपर, मग कादंबरीचे शेवटचे प्रकरण, असे करीत मी तीन महिने घालवले.

मग थंडी वाजून ताप येऊ लागला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मी ताप सांगितला. नळी सांगितली नाही. लाज वाटली. एक अँटिबायोटिक झाले, दुसरे झाले, ताप हटेना. अखेर रुग्णालयात लघवीची तपासणी झाली, तेव्हा जिवाणू नव्हे, बुरशी निघाली. तिचे नाव कॅन्डिडा.

डॉक्टरांनी समजावले ते असे : ही बुरशी एरवीही आपल्या तोंडात, आतड्यात गुपचूप राहते. औषधांनी जिवाणू मरतात, तिला मोकळे रान मिळते. मला मधुमेह, लघवीतली साखर तिला आयतीच. आणि नळीवर चिकट थर धरून बसली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सोनोग्राफीत मूत्रपिंडात तिचा गोळाच दिसला. जुनी नळी काढली, पाठीतून दुसरी घालून तुंबलेले वाहते केले, आणि फ्लुकोनॅझोल कित्येक आठवडे चालले. मूत्रपिंड वाचले.

हे सारे ऐकून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "म्हणजे ओला चमचा तीन महिने बरणीतच ठेवलात की हो!"

परवा एका मुलाने वही उशिरा आणली. मी रागावलो नाही, कारण विचारले. त्याने मान खाली घालून खरे ते सांगितले. दवाखान्यात मला ते जमले नव्हते.