क्रांती चौकातले पाहुणे

क्रांती चौकातून मी रोज दोनदा जातो; सकाळी कॉलेजला जाताना आणि दुपारी परत येताना. अठरा वर्षांचा हिशेब केला तर नऊ-दहा हजार फेऱ्या सहज भरतील. एवढ्या प्रदक्षिणा एखाद्या देवळाला घातल्या असत्या तर देव कधीच प्रसन्न झाला असता. चौक मात्र मला प्रसन्न झाला नाही, आणि त्यात चौकाची काही चूक नव्हती. प्रदक्षिणा घालताना माझे लक्ष सिग्नलच्या दिव्याकडे असे. उड्डाणपूल झाल्यापासून जालना रस्त्याने सरळ जाणारे लोक चौकाच्या डोक्यावरूनच निघून जातात. मी उस्मानपुऱ्याकडून येऊन पैठण गेटकडे जाणारा, म्हणून खालून जातो; एवढाच काय तो माझा आणि चौकाचा ऋणानुबंध.

तो वाढला एका येमेनी विद्यार्थ्यामुळे. आमच्या शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात परदेशी विद्यार्थी पुष्कळ, आणि त्यांत येमेनचे विशेष. हा मुलगा इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करीत होता. एकदा कॉलेजातल्या व्याख्यानानंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमची काही परदेशी मंडळी महिन्यातून एकदा जमतात. शनिवारी हिंडतो, रविवारी लिहिलेले वाचून दाखवतो. आपापल्या देशातल्या माणसांसाठी आम्ही या शहराविषयी लिहीत असतो. पण इथल्या नावांचे अर्थ आम्हांला कळत नाहीत. तुम्ही याल का?"

मराठीच्या प्राध्यापकाला नावांचे अर्थ विचारायला कोणी बोलावते आहे म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणेल? मी शनिवारी संध्याकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून क्रांती चौकात हजर झालो.

मंडळी पाचच होती. आमचा येमेनी, इतिहास शिकणारी एक इथिओपियन मुलगी, शेंद्र्याच्या कारखान्यात नवरा नोकरीला असलेल्या एक कोरियन बाई, पाली शिकायला आलेले थायलंडचे एक भिक्खू, आणि वाळूजला यंत्रे बसवायला आलेले एक उंच जर्मन गृहस्थ. या पंचायतीत परका असा मीच दिसत होतो. भिक्खूंना पाहून एका रिक्षावाल्याने भर सिग्नलला रिक्षा उभी केली, खाली उतरून हात जोडले, "जय भीम, भन्तेजी" म्हटले आणि मागच्या भोंग्यांकडे लक्ष न देता सावकाश निघून गेला. मला त्या चौकात इतक्या वर्षांत कोणी नमस्कार केल्याचे आठवत नाही.

पहिला प्रश्न कोरियन बाईंनी टाकला. "क्रांती चौक म्हणजे कोणती क्रांती?"

मी घसा साफ केला. "स्वातंत्र्याची."

"कोणत्या वर्षाची?"

आता आली पंचाईत! वर्गात असा प्रश्न आला की 'पुढच्या तासाला पाहू' म्हणता येते. इथे पुढचा तास नव्हता. "एकंदर चळवळीच्या काळातली," असे काहीतरी मी पुटपुटलो. तेव्हा जर्मन गृहस्थांनी बोट दाखवून अगदी अदबीने सांगितले की, पलीकडे काळा चबुतरा म्हणतात ती जागा आहे, आणि १८५७ शी तिचा संबंध आहे. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या इथल्या घोडदळाने बंड केले. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी आवई त्या स्वारांत उठली होती. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला, बंड मोडले. कॅप्टन ॲबटवर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अली या दफेदाराला फाशी झाली. आणखी कित्येकांना देहदंड झाला. ते प्राण याच चबुतऱ्यावर गेले, असे शहर मानते.

मी मान डोलावत राहिलो. चबुतरा मी पाहिला होता. म्हणजे त्याच्या बाजूने स्कूटर वळवली होती.

तिथून आम्ही पैठण गेटच्या दिशेने चालू लागलो. वाटेत सिल्लेखाना लागतो. पाटी वाचून येमेनी एकदम थांबला. "सर, आमच्या अरबीत 'सिलाह' म्हणजे हत्यार!" इथे मात्र मी जमिनीवर आलो. सिल्लेखाना म्हणजे शस्त्रागार, आणि त्याच सिलाहमधून आमचा शिलेदार निघाला, हे मी त्यांना सांगितले. पदरचे घोडे आणि पदरचे हत्यार घेऊन येणारा स्वार तो शिलेदार. मग चालता चालता खेळच सुरू झाला. मी मराठी शब्द बोलायचा आणि येमेन्याने आपला म्हणून ओळखायचा: दुकान, साबण, खर्च, वकील, नहर. प्रत्येक शब्दाला तो वाटेत गाववाला भेटल्यासारखा हसत होता. ज्यांच्या भव्य पुतळ्याखालून आम्ही निघालो होतो त्या शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला होता, हेही मी सांगितले. इथिओपियन मुलगी म्हणाली, "म्हणजे राजाने परके शब्द जायला सांगितले, आणि तरी काही राहिलेच?"

"राहिले," मी म्हणालो. "ते परके आहेत हे आता आमच्या लक्षातही येत नाही."

त्या रात्री मी कपाटातली पुस्तके खाली काढली. "अहो, परीक्षा आहे का उद्या?" असे सौभाग्यवतींनी विचारले. होतीच.

रविवारी सकाळी आम्ही पाणचक्कीच्या जुन्या वडाखाली बसलो. पाऊस नुकताच उघडला होता आणि हौदाच्या काठावर उंचावरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर येत होते. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. लांबच्या डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून इथवर आणून, त्याच्या पडण्याच्या जोरावर जाते फिरवायचे आणि फकिरांना, वाटसरूंना भाकरी घालायची, अशी ही अठराव्या शतकातली योजना. परदेशी माणसांना जमायला इतकी योग्य जागा शहरात दुसरी नसेल.

कोरियन बाईंनी आपला लेख वाचला. त्याचे नाव होते 'पाण्याचा दिवस'. त्यांच्या वसाहतीत तेव्हा आठवड्यातून एकदा नळाला पाणी येई, आणि त्या दिवशी शेजारपाजारचे लोक लग्नकार्याला उठावे तसे पहाटे उठत. बाईंना प्रथम वाटले, हा इथला सण असावा. त्यांनी शेजारच्या आजींना शुभेच्छा दिल्या. आजी हसून हसून बेजार झाल्या आणि त्यांनी पुरणपोळी आणून दिली. आम्हीही हसलो, पण पाणी पडत होते त्याच्या आवाजात माझे हसणे लवकर विरले. माझ्या घरीही पिंपे भरून ठेवलेली असतात. मी त्यावर तक्रार करतो, लेख लिहीत नाही.

मग इथिओपियन मुलगी वाचू लागली. तिचा विषय मलिक अंबर. तिच्या देशात सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेले एक पोर गुलाम म्हणून विकले जाते, बगदादमार्गे दख्खनला येते, अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखानाच्या पदरी पडते, आणि पुढे त्या राज्याचा कर्ता पुरुष होऊन मोगलांना वर्षानुवर्षे झुलवते. १६१० मध्ये खडकी गावी त्याने शहर वसवले. तेच हे शहर. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. "पीटर व्हॅन डेन ब्रूक नावाच्या डच व्यापाऱ्याने १६१७ मध्ये त्याला पाहिले होते," ती वाचत होती, "आणि त्याने लिहून ठेवले आहे की, अंबर प्रथम मोखाच्या बंदरात विकला गेला."

येमेनी मुलाने मान वर केली. मोखा त्याच्या देशातले. ज्या बंदराच्या नावाने जगभर कॉफी विकली जाते तेच. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या आजोळापासून ते बंदर एका दिवसाच्या वाटेवर आहे. आम्हांला शाळेत कॉफीचे सांगितले. हे नाही सांगितले."

मुलीने वही मिटली. "मलाही माझ्या शाळेत अंबर सांगितला नाही," ती म्हणाली. "मला तो इथे भेटला. तुलाही इथेच."

त्यानंतर तिने पिशवीतला डबा उघडून पहिला घास त्याच्यापुढे धरला. शहागंजकडून आणलेला नान-खलिया होता. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, दोन पोरे आणि एक डबा. मी घड्याळाकडे पाहिल्यासारखे केले.

आता सगळे माझ्याकडे वळले. रात्रीचा अभ्यास मी बाहेर काढला. तुम्ही काही पहिले नव्हेत, मी म्हणालो. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा इब्न बतूता शेजारच्या दौलताबादला आला. तिथल्या तळघरातल्या मांजराहून मोठ्या उंदरांची हकिकत त्याने एका कैद्याच्या तोंडून ऐकून लिहिली. १६६६-६७ च्या सुमारास फ्रेंच प्रवासी थेवनो औरंगाबादेत आला. तेव्हा शहराला तट नव्हता, तो पुढे १६८२ मध्ये झाला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी इथे एका स्नेह्याकडे उतरला. त्याने पाहिलेली इथली कमानींची वास्तू आणि इथल्या कोर्टातला पंखा ओढणारा माणूस पुढे १९२४ च्या 'अ पॅसेज टु इंडिया'त गेले. आणि आपण बसलो आहोत त्याच तकियात आझाद बिलग्रामी हा विद्वान हजहून परतल्यावर सात वर्षे राहिला. उत्तरेतल्या बिलग्रामचा माणूस, दख्खनला परकाच. त्याचे स्नेही शाहनवाजखान १७५८ मध्ये मारले गेले, तेव्हा त्यांच्या 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथाची विखुरलेली पाने आझादने जमवली. हिंदुस्थानाविषयी त्याने अरबीत एक ग्रंथ लिहिला, 'सुब्हतुल मरजान'. १७८६ मध्ये तो वारला आणि खुलताबादलाच विसावला.

"अरबीत?" येमेन्याने विचारले आणि नाव वहीत उतरवून घेतले.

"आणि सर, तुम्ही?" भिक्खूंनी शांतपणे विचारले. "तुम्ही या शहराविषयी काय लिहिले?"

मी म्हणालो, "मी लिहितो. पण आमच्याकडचे लिहितो. आमच्याकडे पाऊस, आमच्याकडची माणसे..."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"संगमेश्वर तालुका. रत्नागिरी जिल्हा."

"तिथून येऊन किती वर्षे झाली?"

"अठरा," मी म्हणालो, आणि ओशाळलो. माझी मुले या शहरात जन्मली. माझे घर इथे, पोट इथे. शहराचे नाव माझ्यासमोर बदलले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. पण अठरा वर्षांत माझ्या तोंडचे 'आमच्याकडे' घाट चढून वर आले नव्हते. या पाच जणांना घरी लिहायचे असते, म्हणून ते डोळे उघडे ठेवून हिंडतात. मला इथले कोणालाच लिहायचे नव्हते, म्हणून मी नुसता सिग्नल पाहत होतो.

उठता उठता येमेन्याने शेवटी आपले चार ओळींचे लिखाण वाचले. ते त्याच्या आईसाठी होते. तिला वाचता येत नाही. बहीण वाचून दाखवते. क्रांती चौकाजवळचा एक फळवाला रोज त्याला 'घर पे सब खैरियत?' असे विचारतो आणि उत्तर ऐकल्याशिवाय पैसे घेत नाही, एवढेच त्यात होते.

परत चौकात आल्यावर रिक्षातून उतरताना तो म्हणाला, "सर, प्रबंध दिला. महिनाभरात इथला परवाना संपतो. घरी लढाई आहे. कुठे जायचे ते अजून ठरत नाही. जिथे जाईन तिथून या शहराला पत्र लिहीन म्हणतो. पण पत्ता कोणाचा घालू?"

"माझा घाल," मी म्हणालो. त्याने वही पुढे केली. पुतळ्याखाली उभा राहून मी आयुष्यात प्रथमच माझा या शहरातला पत्ता सावकाश, सुवाच्य अक्षरात, पिनकोडसकट लिहून दिला.

त्या रात्री अक्काचा फोन आला. गावी पावसाने पऱ्ह्या ओसंडून वाहत होत्या. पूर्वीसारखेच तिने विचारले, "काय रे बाळ, तुमच्याकडे आहे का पाऊस?"

"आहे ग अक्का," मी म्हणालो. "आमच्याकडे कालच चांगला पडून गेला."