तांबट आळीतील एक सकाळ

पुण्यास कसबा गणपतीचे दर्शन घेऊन आपण त्याच पेठेत थोडे पुढे चाललात, तर तांबट आळी डोळ्यांआधी कानांना सापडते. हातोड्यांचा पूर्वीचा अखंड गजर आता विरळ झाला असला, तरी पेशवाईपासूनच्या या वस्तीत तांब्यावर पडणारा ठोका आजही ऐकू येतो. घरची ताटे-वाट्या बदलण्याचा विचार आपल्या मनात असेल, तर नव्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी येथे घटकाभर थांबावे.

मी गेलो तो जुनी भांडी मोडीत घालण्याच्या निश्चयाने. पिशवीत आईची सहा पितळी ताटे होती. त्यांची कल्हई उडाली होती आणि एकाचा काठ चिरला होता. घरात सर्वांचे ठरले होते, की ही एकदाची द्यावीत आणि स्टीलची आणावीत.

समोरच एक कारागीर हंड्याला मठार देत होता. तांबे ठोकले की कठीण होते. पुढे घडवायचे तर ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. अखेरीस हातोडीचे एकसारखे ठसे उमटवतात, त्यास मठारकाम म्हणतात. त्याने भांडे चकाकते आणि बळकटही होते. आपण ज्याला नक्षी समजतो, ती त्या भांड्याची ताकद असते.

ताटे पाहून कारागिराने प्रथम ती तराजूत न टाकता उलटी केली. मोडीत केवळ धातूचे वजन धरले जाते, घडणावळ बुडते, हे मला ठाऊक होते. परंतु दोन ताटांच्या काठावर अक्षरे होती. एकावर आईचे नाव, दुसऱ्यावर आजीचे आणि खाली १९३८ हे साल. ‘‘ही द्यायची आहेत का?’’ एवढेच त्याने विचारले. माझ्याने लगेच उत्तर देववले नाही.

पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण. ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ त्यात ठेवले तर कळकतात, म्हणून कल्हई हवी. भांडे तापवून नवसागराने स्वच्छ करतात आणि वर कथील फिरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे रिकामे भांडे विस्तवावर विसरू नये. कल्हई झिजली म्हणजे भांडे संपले असे नव्हे, ती पुन्हा करता येते. चिरलेल्या काठालाही डाख देता येतो.

शेवटी चार ताटे मोडीत गेली. नावांची दोन कल्हईसाठी ठेवली. तेथून मी रविवार पेठेतील भांड्यांच्या दुकानांकडे वळलो. रोजच्या धुण्याघासण्याला स्टील सोयीचे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र घेताना ताट हातावर तोलून पाहा. काठ वळवलेला असावा. धार बोटास लागू नये. वाटी सपाट जागी डगमगू नये. चमच्याची मान अंगठ्याने दाबून पाहा; सहज वाकली तर तो चमचा फार दिवस टिकायचा नाही. उत्तम प्रतीच्या एका स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. चुंबक चिकटला नाही म्हणजे ते तेच, असे मात्र समजू नका. मँगेनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. म्हणून पावतीवर प्रत लिहून घ्या. मिठाचे पाणी रात्रभर राहिले तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गोष्ट. घाट साधा निवडा. पाच वर्षांनी एखादी वाटी हरवली, तर तिची जोडीदारीण मिळणे सोपे जाते. नवलाईच्या नक्षीची वाटी बहुधा एकटीच राहते.

आठवड्याने मी ती दोन ताटे घरी आणली. जेवताना माझ्या मुलीने भात सरकवून काठावरची अक्षरे वाचली आणि विचारले, ‘‘पणजी हे ताट रोज वापरत असे?’’ होय, रोज वापरत असे. आपणही जुनी भांडी तराजूत घालण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहा.