चार नंबरचा डबा

आमच्या घरात ‘मैं’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. अब्बा स्वतःविषयी बोलताना ‘हम’ म्हणत आले, त्यांच्यामागून आम्हीही तेच शिकलो. मराठीत लिहायला बसलो की तो ‘हम’ ‘आम्ही’ होऊन कागदावर उतरतो. वाचकांनी त्याला मोठेपणा समजू नये.

घर सांगलीचे आणि नोकरी साताऱ्याची. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही गणित-विज्ञान शिकवतो. आमची बी.एड.ची फी भरली ती एका ट्रकने. टाटा सोळा-तेरा, १९९८ चे मॉडेल. हंगामात कारखान्याचा ऊस, उरलेल्या दिवसांत मार्केट यार्डातली हळद आणि गूळ. किलोमीटरचा काटा आठ लाखांच्या पुढे कधीतरी बंद पडला. त्यानंतर अब्बा गाडीचे वय टायरच्या जोड्यांवरून सांगत.

इंजिनचे ऑइल अब्बा वेळेवर बदलत, पण गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू देत नसत. “छेडो मत उसको. पुराना तेल है, सब संभाल के बैठा है.” त्यांच्या एका दोस्ताने जुन्या गाडीत नवे तेल भरले आणि पंधरा दिवसांत गिअर रडायला लागले, सीलमधून तेल गळायला लागले. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर ती गाडी अडकली. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ च्या पुरात जिथपर्यंत पाणी आले होते तिथपर्यंतच येईल, असे धरून आमच्या गल्लीने सामान वरच्या फळीवर ठेवले होते. पाणी फळीच्याही वर गेले. माणसे मिरजेच्या नातेवाइकांकडे पोचली, पण ट्रकची क्लचप्लेट उतरवलेली होती, तो जागेवरच राहिला. पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा केबिनमध्ये गाळ होता आणि आरशाला कुणाच्या तरी घरातला परकर अडकला होता.

इंजिन खोलायचे ठरले. गिअरबॉक्स खोलायला मात्र अब्बा तयार नव्हते. मिस्त्री चाचांनी समजावले की गिअरबॉक्सला वर ब्रीदर असतो, गरम हवा बाहेर जायला. गाडी पाण्यात बुडाली की तिथून आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते. अब्बा ऐकेनात. शेवटी आम्ही बोललो आणि बोलू नये ते बोललो. “अब्बा, हे पुस्तकात लिहिलंय. तुम्हाला वाचता येत असतं तर कळलं असतं.”

अब्बा गप्प झाले. चाचा पाना शोधायच्या निमित्ताने बाजूला गेले. ज्या माणसाने रात्रीच्या रात्री घाटात काढून आम्हाला वाचायला शिकवले, त्यालाच आम्ही त्या वाचण्याचा हिशेब दाखवला होता. त्या रात्री ते जेवले, पण आमच्याकडे पाहून नाही.

सकाळी तेच गॅरेजवर आधी जाऊन बसले. आम्ही पोचलो तेव्हा चाचांना सांगत होते, “आधी भरायचा नट ढिला कर. खालचा मागाहून.” वरचा नट गंजून बसला असेल आणि तेल आधीच खाली सांडले, तर नवे भरायचे कुठून? त्यांचे म्हणणे खरे होते. तो नट सुटायला अर्धा तास गेला. मग खालचा नट काढला आणि तेल पडायला लागले. काळे नाही, दूध घातलेल्या चहासारखे. पाणी आणि तेल घुसळले गेले की असे होते. नटाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता. अब्बांनी दोन बोटांत ते तेल चोळले, वास घेतला आणि एवढेच म्हणाले, “निकालो सब.”

दोस्ताच्या गाडीचे काय झाले असावे, हे आम्हाला तेव्हा उमगले. जुन्या तेलाचा गाळ झिजलेल्या सीलभोवती साचून गळती रोखून धरतो. नव्या तेलाने तो धुऊन निघाला की गळती दिसते. शिवाय बहुतेक जण तेल बदलतात ते गिअर कुरकुरायला लागल्यावर. झीज आधीच झालेली असते, दोष मात्र नव्या तेलाला जातो. गिअर आपोआप पडणाऱ्या मोटारींत तेलच आतल्या क्लचवर दाब देते, म्हणून तिथे जुन्या तेलाची भीती थोडी जास्त खरी. आमच्या ट्रकमध्ये मात्र गिअर होते आणि त्यांच्यावर पाणी होते.

आम्ही नवे तेल आणले होते. पगारातले, महागातले. चाचा डबा फोडणार तोच अब्बांनी हात धरला. गॅरेजच्या कोपऱ्यातून एक जुना डबा आणला. वरचा पत्रा कापून त्यात ते नटबोल्ट ठेवत. त्यावरच्या इंग्रजी अक्षरांपुढचा आकडा बोटाने दाखवला. “हमारे डब्बे पे चार है. तेरे डब्बे पे पाँच.”

आम्ही पाहिले. जुन्यावर जीएल-४, नव्यावर जीएल-५. पाच म्हणजे चारपेक्षा चांगले, असे धरूनच आम्ही तो घेतला होता. गणित शिकवणाऱ्याने! चाचांनी कपाळावर हात मारला. जीएल-५ मध्ये गंधकाची औषधे जास्त असतात. क्राऊनच्या दातांवर फार दाब येतो, तिथे ती हवीत. गिअरबॉक्समधल्या पितळेच्या सिंक्रो रिंगांना मात्र ती हळूहळू खातात. गाडीच्या पुस्तकातही चारच लिहिलेले होते. ज्या पुस्तकाच्या नावाने आम्ही अब्बांना गप्प केले होते, त्याचे ते पान आम्ही वाचलेच नव्हते.

आमचा डबा वाया गेला नाही. क्राऊनमध्येही पाणी गेले होते, तो तिथे कामी आला. गिअरबॉक्समध्ये आधी साधे तेल भरून थोडी गाडी फिरवली, ते काढले, मग चार नंबरचे भरले. काही फेऱ्यांनंतर तेही बदलले, कारण कोपऱ्यातले पाणी एका खेपेत निघत नाही. दुधाळ तेल गटारात ओतू, असे पोऱ्या म्हणाला. अब्बा म्हणाले, “गटार कुठं जातं? कृष्णेलाच ना?” ते ड्रममध्ये भरून जुने तेल नेणाऱ्याला दिले.

सील एका जागी गळलेच. ते बदलले. गळती सुरू झाली तेव्हा अब्बांनी आमच्याकडे पाहिले, पण ‘बघ, सांगत होतो’ असे म्हणाले नाहीत. हंगामाला ट्रक उभा राहिला. जुलै २०२१ च्या पुरात तो आम्ही आधीच मिरजेच्या उंच भागात नेऊन लावला होता.

आम्ही माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. त्या जूनमध्ये शाळेने नवी प्रयोगवही मागवली, तेव्हा घरी बसून ती अब्बांना मोठ्याने वाचून दाखवली, एवढेच. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारले, “यात आकडे बरोबर आहेत का, ते बघितलंस?”

आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून बघायला बसलो.