कुत्रा शेजारच्या टेबलाखाली

‘चावत नाही हो तो!’ हे वाक्य आता आम्हाला पाठ झाले आहे. पुण्यात उघड्यावर बसायची सोय असलेल्या हॉटेलांत आणि कॅफेंत हल्ली लोक कुत्री घेऊन येतात. आमची त्याला हरकत नाही. पण तो चावेल का, हे आम्ही विचारलेलेच नसते.

आमचा प्रश्न लाळेचा असतो. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, त्यातले एकदा मातीने, असे हदीसमध्ये आले आहे. आमच्या घरात अब्बा हनफी. त्या मताप्रमाणे नापाक आहे ती लाळ. नुसते अंग लागल्याने कपडे बिघडत नाहीत आणि भांडे तीनदा धुतले की पाक होते. अम्मी कोकणातल्या, म्हणून शाफई. त्यांच्या मताप्रमाणे कुत्र्याचे ओले अंग लागले तरी कपडा सात वेळा धुणे आले, त्यात मातीने एकदा. मगरिबला अर्धा तास उरलेला असताना त्यांच्या साडीला ओले नाक लागले, तर त्या जेवण तसेच टाकून उठतात. मालकाला वाटते, बाई घाबरल्या!

यावरून आपल्याला कुत्र्याचा तिटकारा आहे असे कुणी समजू नये. गुहेतल्या तरुणांच्या दाराशी पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा सूरह कहफमध्ये आहे. तहानलेल्या कुत्र्याला चामड्याच्या मोज्यातून विहिरीचे पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतोच.

मालकांकडे मागणे फार नाही. पट्टा आखूड असावा आणि हातात असावा. प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलेला लॅब्रॅडॉर खुर्चीसकट निघतो, हे आम्ही पाहिले आहे. पाण्याचे भांडे घरून आणावे. हॉटेलच्या ताटलीत त्याला खाऊ घालू नये, तीच ताटली उद्या दुसऱ्यापुढे येणार असते. कडेचे टेबल घ्यावे, नाहीतर गरम चहाचा ट्रे घेतलेला वेटर अडखळतो. घाण झाली तर स्वतः उचलावी. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी, हे सांगायला नकोच. आणि एप्रिलच्या दुपारी त्याला आणूच नये. तापलेल्या फरशीने त्याचेच पाय भाजतात.

एका निवृत्त गृहस्थांनी मात्र बसण्याआधी अम्मींना विचारले, “ताई, हा इथं बसला तर चालेल ना? नाहीतर आम्ही पलीकडे जातो.”

“बसा की,” अम्मी म्हणाल्या, “फक्त त्याचं तोंड तिकडं करा.” दोघेही हसले.

आपल्या बाजूनेही थोडे आहे. कुत्रा दिसताच मुलांनी किंचाळू नये, चमचा उगारू नये. मालकाला विचारल्याशिवाय जवळ जाऊ नये, तो खात असताना तर नाहीच. बिर्याणीतली हाडेही प्रेमाने त्याच्यापुढे टाकू नयेत. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि त्याच्या घशात रुततात.